६४२ आणि ६९२ : तापीकाठच्या एका मतदान केंद्राचं प्रकरण

२० नोव्हेंबर २०२४, बुधवार, विधानसभेच्या मतदानाचा दिवस. संध्याकाळचे सहा वाजून पन्नास मिनिटं. तापीकाठच्या एका गावातली जिल्हा परिषदेची शाळा, चौथीचा वर्ग. रांगेतल्या शेवटच्या बाई मत देऊन बाहेर पडल्या. १७-ए म्हणजे मत देणाऱ्यांच्या नोंदवहीत त्यांचा अनुक्रमांक होता ६४२. मी मतदान यंत्राच्या कंट्रोल युनिटवरचं, एकूण मतं दाखवणारं ‘टोटल’ बटण दाबलं. डिस्प्लेवर आलं ६९२.

मी परत दाबलं. ६९२.

समोर उमेदवारांचे तीन पोलिंग एजंट बसले होते. त्यातले एक जिभाऊ, वय साठीच्या पुढचं, डोक्यावर टोपी, दिवसभरात फक्त जेवायला उठलेले. त्यांनी चष्मा वर केला, आकडा बघितला, माझ्याकडे बघितलं आणि काहीच बोलले नाहीत. ते काहीतरी बोलले असते तर मला बरं वाटलं असतं.

केंद्राध्यक्ष मी होतो आणि चूक माझीच होती. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणी रहस्यकथा म्हणून वाचायला बसणार नाही. गावाचं आणि माणसांची नावं देत नाही. त्यांचा यात काही दोष नाही आणि त्यांना पुन्हा त्याच चर्चेत ओढायचं नाही.

आदली रात्र आणि पहाट

निवडणुकीची ड्युटी केलेल्या कुठल्याही मास्तराला विचारा. आदल्या दिवशी तालुक्याला साहित्य घ्यायचं, याद्या तपासायच्या, पेटी सांभाळत एसटीने गावात यायचं, शाळेत सतरंजीवर पडायचं. रात्री अकरापर्यंत लिफाफे लिहायचे आणि फॉर्म जमतील तेवढे भरून ठेवायचे, कारण सकाळी वेळ मिळत नाही. ही आमची सगळ्यांची सवय. हाल वगैरे म्हणणार नाही. नंदुरबार जिल्ह्यात मणिबेलीला, म्हणजे राज्यातल्या पहिल्या क्रमांकाच्या मतदान केंद्रावर, पथकाला सरदार सरोवराच्या पाण्यातून जावं लागतं. आमच्याकडे तर पंखा होता आणि पोलीस पाटलांच्या घरून शेवभाजी आली होती.

त्या रात्री मी अभिरूप मतदानाचं प्रमाणपत्रही भरून ठेवलं. आम्ही त्याला मॉकपोल म्हणतो. खरं मतदान सुरू होण्याच्या दीड तास आधी एजंटांच्या समोर किमान ५० मतं टाकून बघायची, यंत्राचा निकाल आणि व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मताची चिठ्ठी छापणाऱ्या जोडयंत्राच्या, चिठ्ठ्या जुळवायच्या, मग ती मतं पुसायची आणि यंत्र शून्यावर आल्याचं सगळ्यांना दाखवायचं. पुसली, दाखवलं, असं प्रमाणपत्रात लिहिलेलं असतं. मी ते रात्री दहा वाजताच लिहून मोकळा झालो होतो. सकाळी फक्त सह्या घ्यायच्या राहिल्या.

सकाळी साडेपाचला एजंट नव्हते. पंधरा मिनिटं थांबलो. तिघं आले, पावणेसहाला सुरुवात केली. नऊ उमेदवार आणि नोटा मिळून दहा बटणं होती. जिभाऊंनीच सुचवलं की प्रत्येकाला पाच-पाच देऊ, हिशेब सोपा पडेल. तेविसाव्या मताला व्हीव्हीपॅटने एरर दाखवली. झोनल अधिकाऱ्यांना फोन केला. राखीव व्हीव्हीपॅट येईपर्यंत सहा पस्तीस झाले होते आणि फाटकापाशी वीस-बावीस माणसं उभी होती. त्यात कापूस वेचायला जाणाऱ्या बायका, लवकर मोकळ्या करा म्हणून सांगणाऱ्या. मी घाईघाईने उरलेली मतं टाकली. ‘टोटल’ दाबलं, ५० आले. दोन्ही व्हीव्हीपॅटमधल्या चिठ्ठ्या मोजल्या, प्रत्येकाच्या पाच भरल्या. चिठ्ठ्यांच्या पाठीवर शिक्का मारून त्या काळ्या लिफाफ्यात घातल्या. प्रमाणपत्रावर तिघांच्या सह्या घेतल्या. स्पेशल टॅग लावला, ग्रीन पेपर सील लावलं आणि सात वाजता पहिल्या बाईंना आत घेतलं.

‘क्लोज’, ‘रिझल्ट’, ‘क्लिअर’. मतदान बंद करा, निकाल बघा, मतं पुसा. प्रशिक्षणात बटणांचे हे तीन शब्द आम्हाला शाळेतल्या पाढ्यासारखे घोटून घेतले जातात. मी तिन्ही विसरलो. तिन्हीतलं पहिलं जरी दाबलं असतं तरी वाचलो असतो, कारण ‘क्लोज’ केल्यावर ‘क्लिअर’ केल्याशिवाय यंत्र पुढचं मत घेतच नाही. माझं यंत्र बंदच झालं नव्हतं. एकावन्नावं मत म्हणून त्याने त्या पहिल्या बाईंचं मत निमूट घेतलं.

दुसरी चूक दिवसभराची. दर दोन तासांनी झोनलला आकडा कळवायचा असतो. यंत्राचं टोटल बघायचं आणि नोंदवहीशी ताडायचं. मी नोंदवहीतला शेवटचा क्रमांक वाचायचो आणि फोनवर सांगायचो. नऊलाच यंत्राकडे बघितलं असतं तर कळलं असतं. अर्थात तेव्हा कळूनही दुरुस्त करता आलं नसतं, कारण ‘क्लिअर’ दाबलं की गावाची तोवरची खरी मतंही गेली असती. पण सकाळी नऊ वाजता सांगितलेली चूक आणि संध्याकाळी सात वाजता सापडलेली चूक यांच्याकडे लोक एका नजरेने बघत नाहीत.

एक आडवी गोष्ट. त्या निवडणुकीत राज्यात संध्याकाळी पाचला ५८.२२ टक्के मतदान सांगितलं गेलं आणि अंतिम आकडा ६६.०५ टक्के आला. मधली मतं कुठून आली, यावरून अजून भांडणं चालू आहेत. सगळ्या राज्याचं मी सांगू शकत नाही. माझ्या वर्गाबाहेर सहा वाजता ५३ माणसं उभी होती. शेवटच्या माणसापासून सुरुवात करून मी सगळ्यांना सही केलेल्या चिठ्ठ्या वाटल्या. बहुतेक जण शेतातून थेट आलेले. बायकांच्या लुगड्यांना कापसाची बोंडं चिकटलेली होती.

पन्नास जादा

१७-सी, म्हणजे केंद्रावरच्या मतांच्या हिशेबाचा फॉर्म, भरताना फरकाच्या रकान्यात मी ‘५०, मॉकपोलची मतं पुसली गेली नाहीत’ असं लिहिलं. झोनलला कळवलं, डायरीत नोंद केली आणि तिन्ही एजंटांना १७-सीची प्रत दिली. प्रत द्यावीच लागते, पण त्या क्षणी हात जड झाला होता, हे कबूल करतो. तिघांतल्या सर्वांत तरुण एजंटाने तिथेच फोटो काढला. आम्ही यंत्र जमा करून रात्री साडेअकराला बाहेर पडलो, तोवर तो फोटो सुरतेपर्यंत जाऊन आला होता. वाटेत पन्नासाचे पाचशे झाले होते.

२३ नोव्हेंबरच्या मोजणीला मी नव्हतो. पुढचं एजंटांकडून आणि मला आलेल्या नोटिशीतून कळलं. आमचं यंत्र टेबलावर आलं, १७-सीशी जुळलं नाही, बाजूला ठेवलं गेलं. अशा यंत्रांसाठी आयोगाच्या सूचना स्पष्ट आहेत. बाकी सगळी मोजणी आटोपल्यावर पहिल्या दोघांतलं अंतर बघायचं. ते अंतर अशा केंद्रांवरच्या एकूण मतांपेक्षा जास्त असेल तर निकाल तसाच जाहीर करायचा. तेवढंच किंवा कमी असेल तर त्या केंद्राच्या व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजायच्या.

आमच्या मतदारसंघात अंतर हजारोंत होतं. ६४२ मतं इकडे पडली काय आणि तिकडे पडली काय, निकाल तोच राहणार होता. चिठ्ठ्यांची पेटी उघडली गेली नाही.

पारावर

न जाता भागलं असतं. आठवडाभराने मी मोटारसायकल काढली आणि गेलो, कारण त्या गावातली चार पोरं माझ्या शाळेत आहेत आणि उद्या त्यांच्या घरी मला चहाला बसायचं आहे. मारुतीच्या पारावर पंचवीस-तीस माणसं जमली. जिभाऊ मध्ये बसले होते.

पहिला प्रश्न अपेक्षित होता. पन्नास मतं कुणी घातली?

मी खिशातून मॉकपोलच्या टिपणाची झेरॉक्स काढली. दहा ओळी, प्रत्येकीपुढे पाच काड्या. शेवटची ओळ नोटाची, तिच्यापुढेही पाच. जिभाऊंनी कागद हातात घेतला. तो हिशेब त्यांनीच सुचवलेला, आता ओळखीचा वाटला असावा. वाचून झाल्यावर म्हणाले, “नोटाले बी पाच? मंग चोर येडाच व्हता.” लोक हसले. पंधरा मिनिटांत पाचशेचा विषय संपला. यंत्रात प्रत्येक बटणाची तारीख-वेळ नोंदलेली असते, ती पन्नास मतं सात वाजण्याच्या आधीची आहेत, हेही मी सांगत होतो, पण त्याची गरज उरली नव्हती. नोटाच्या पाच काड्यांनी काम केलं होतं.

यंत्राची बाजू मी तिथे जेवढी घेतली तेवढीच इथेही घेतो. त्याने ५० आणि ६४२ अचूक धरून ठेवली. माझ्या घाईला ते फसलं नाही, त्याने काही गिळलं नाही. खोटं लिहिलेलं होतं ते माझ्या प्रमाणपत्रात, आणि ते आदल्या रात्री दहा वाजता. त्याच्यावर तीन सह्या होत्या. ‘शून्य दाखवा’ असं तिघांतल्या एकानेही म्हटलं नव्हतं. हे मी पारावर बोललो तेव्हा तरुण एजंट खाली बघत राहिला. त्याला दोष द्यावा इतका मी मोठा नाही. पण पक्ष एजंट नेमताना काय बघतात, हे मला वीस वर्षांच्या ड्युट्यांनंतरही कळलेलं नाही. बहुतेकांना १७-सी म्हणजे काय हे संध्याकाळी कागद हातात पडल्यावर कळतं. काही जण तो कागद तिथेच विसरून जातात. मग निकालानंतर महिनाभर भाषणं चालतात.

मग मागून एक मुलगा उठला. सुरतेत लूमवर काम करतो. दिवाळी करून परत गेला होता, मतदानासाठी दोन दिवस पगार बुडवून पुन्हा आला. सुरत-भुसावळ मार्गावरच्या गर्दीच्या गाडीत दाराशी बसून अमळनेरला उतरला. तो म्हणाला, “सर, पन्नासनं जाऊ द्या. इतला दूर उनू मी मत देवाले. अन ते मोजंच नही?”

या प्रश्नाचं उत्तर मी घरून तयार करून नेलेलं नव्हतं. नियम सांगितला. अंतर सांगितलं. तो ऐकत होता, पण त्याला नियम समजला नव्हता असं काही नव्हतं.

अंतराचा हिशेब

अंतर हा मोठा लहरी प्राणी आहे. त्याच वर्षी धुळे लोकसभेला शोभा बच्छाव सुभाष भामरेंविरुद्ध ३,८३१ मतांनी निवडून आल्या. म्हणजे आमच्यासारखी सहा केंद्रं. २०१९ मध्ये मुक्ताईनगरात चंद्रकांत पाटील यांनी रोहिणी खडसे यांना १,९५७ मतांनी हरवलं, म्हणजे तीन केंद्रं. आणि आमच्या निकालाच्या दिवशीच, धुळे लोकसभेत मोडणाऱ्या मालेगाव मध्यमध्ये अंतर किती होतं, तर १६२. आमचं यंत्र त्या मतदारसंघात असतं तर त्या मुलाची चिठ्ठी हातात धरून, सगळ्यांना दाखवून मोजावी लागली असती. मत तेच, माणूस तोच, गाडीचं दारही तेच. मोजणं न मोजणं ठरलं ते दुसऱ्या गावांतल्या लोकांनी काय केलं त्यावर.

निकाल बदलत नाही म्हणून मोजू नये, हा विचार कायद्याच्या दृष्टीने टिकेल. गावाच्या दृष्टीने टिकत नाही. मोजणी यंत्रवार होते, त्यामुळे कोणत्या केंद्रावर कुणाला किती, हे सगळ्यांना कळतं आणि गावं त्यावर जगतात. रस्ता मागायला गेलं की पहिला प्रश्न येतो, तुमच्या गावाने लीड किती दिली. (ही पद्धत मला मुळीच आवडत नाही. एका केंद्रात सहाशे माणसं, गुप्त मतदान त्यात कितीसं गुप्त राहणार? अनेक यंत्रांची मतं एकत्र करून मोजणारं टोटलायझर आयोगाने २००८ मध्येच सुचवलं, विधी आयोगानेही २०१५ मध्ये त्याची शिफारस केली. ते आलं नाही.) या गावापुढे त्या वर्षी आकडाच नव्हता. कुणाला लीड दिली हेही नाही, कुणाला पाडलं हेही नाही. गाव रुसलं होतं ते यामुळे. यंत्राशी त्यांचं भांडण पाच काड्यांतच मिटलं होतं.

मला स्वतःला वाटतं, असं यंत्र निघालं तर अंतर कितीही असो, निकालानंतर का होईना, त्याच्या चिठ्ठ्या मोजाव्यात. ६४२ चिठ्ठ्या म्हणजे पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे, तासाभराचं काम. एरवी प्रत्येक विधानसभा मतदारसंघात सोडत काढून पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजतातच, सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०१९ च्या आदेशापासून. तेच टेबल, तीच माणसं. सहावी पेटी उघडायला काय लागतं?

जे मला दिसत नाही

पारावर कुणीतरी विचारलं, म्हणजे यंत्र पक्कं आहे असं लिहून देता का? मी नाही म्हणालो. मला टेबलावरची पेटी माहीत आहे. तिला वायफाय नाही, ब्लूटूथ नाही, माझ्या वर्गात ती बॅटरीवर चालली. यंत्रं संगणकाच्या सोडतीने वाटली जातात, त्यामुळे कुठलं यंत्र कुठे जाणार हे आधी ठरवता येत नाही. पण आतला प्रोग्रॅम मी वाचलेला नाही आणि वाचून मला कळणारही नाही. उमेदवारांची नावं-चिन्हं व्हीव्हीपॅटमध्ये बाहेरून भरावी लागतात, आणि टीका करणारे बोट ठेवतात ते नेमकं तिथे. ते बोट चुकीच्या जागी आहे असं मला म्हणता येत नाही. २६ एप्रिल २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. संजीव खन्ना आणि न्या. दीपंकर दत्ता यांनी सगळ्या चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली. पण चिन्हं भरणारं ते उपकरण निकालानंतर ४५ दिवस सीलबंद ठेवायला सांगितलं आणि दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला विधानसभा मतदारसंघातल्या पाच टक्के यंत्रांची तपासणी मागायचा हक्क दिला. खर्च आधी त्याने भरायचा, फेरफार सापडला तर परत मिळणार. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने २००९ मध्ये दुसरी वाट धरली. मतदान आणि मोजणीच्या महत्त्वाच्या पायऱ्या सामान्य माणसाला विशेष ज्ञानाशिवाय तपासता आल्या पाहिजेत, असं म्हणत तिथली यंत्रं बाद केली.

आपल्याकडेही सुरुवात अडखळतच झाली होती. १९८२ मध्ये केरळात परूर मतदारसंघातल्या ५० केंद्रांवर पहिल्यांदा यंत्रं लावली. सिवन पिल्लै १२३ मतांनी निवडून आले, ए. सी. जोस न्यायालयात गेले. कायद्यात यंत्राची तरतूदच नव्हती, म्हणून १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या ५० केंद्रांवर कागदी मतपत्रिकेने फेरमतदान घ्यायला लावलं आणि जोस निवडून आले. कायदा नंतर बदलला. हे मी पारावर सांगितलं तेव्हा जिभाऊंनी एकच विचारलं, “तठे परत मत दिधं ना लोकेसनी?” हो म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि तंबाखू मळायला घेतली.

त्यानंतर

मला कारणे दाखवा नोटीस आली. उत्तरात जे घडलं ते लिहिलं, प्रमाणपत्र आदल्या रात्री भरल्याचंही. एका सहकाऱ्याने ते वाक्य गाळायला सांगितलं होतं. निवडणुकीच्या कामातल्या कसुरीसाठी १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम १३४ आहे आणि त्यात दंडाची मर्यादा पाचशे रुपये आहे. पन्नास मतं आणि पाचशे रुपये. तो आकडा वाचून मला सुरतेच्या ग्रुपवरचे पाचशे आठवले. समज देऊन सोडलं.

पुढे नगरपालिकेच्या निवडणुकीत पुन्हा केंद्राध्यक्ष झालो. स्थानिक निवडणुकीच्या यंत्राला व्हीव्हीपॅट नसतं, एका मतदाराला एकापेक्षा जास्त मतं द्यायची असतात. म्हणजे तिथे संशय आला तर मोजायला चिठ्ठीही नाही. मी आदल्या रात्री प्रमाणपत्र कोरं ठेवलं. पहाटे मॉकपोल झाला. ‘क्लोज’, ‘रिझल्ट’, ‘क्लिअर’ मोठ्याने म्हणत दाबलं, शिपाई माझ्याकडे बघायला लागला. मग यंत्र उचलून एजंटांच्या बाकापाशी नेलं आणि म्हटलं, आकडा वाचा.

“दिसतोय सर, ठेवा,” एक जण म्हणाला. सही करायला त्याने पेन उघडून ठेवलं होतं.

“मोठ्याने वाचा,” मी म्हटलं, आणि त्याने वाचेपर्यंत यंत्र खाली ठेवलं नाही.